आत्याचा ताप सूर्यामुळे आला नव्हता

गेल्या जुलैत आत्या तीन दिवस तापाने फणफणत होती आणि तिने कुणाला कळवलंही नव्हतं. मी गेले तेव्हा अंगावर दोन चादरी, उशाशी अंगदुखीच्या जुन्या गोळ्यांचं पाकीट. "डॉक्टर कशाला गं? सगळ्यांनाच होतंय. सूर्य लांब गेलाय," म्हणाली आणि मोबाइल पुढे केला.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. उद्या पहाटे 5 वाजून 27 मिनिटांनी पृथ्वी सूर्यापासून लांब जाणार. एरवी 9 कोटी किलोमीटर असलेलं अंतर 15 कोटी 20 लाख होणार, म्हणजे 66 टक्के जास्त. त्यामुळे 22 ऑगस्टपर्यंत कडक थंडी, ताप, अंगदुखी, खोकला, दम लागणं. म्हणून प्रतिकारशक्तीची औषधं घ्या.

माझ्याकडे सहावी ते आठवीची मुलं विज्ञान शिकायला येतात. या मेसेजमधली एकही चूक त्यांच्या अभ्यासाबाहेरची नाही.

9 कोटी हा आकडाच खोटा आहे. सूर्य आपल्यापासून सरासरी 15 कोटी किलोमीटरवर आहे, त्याचा प्रकाश इथे पोचायला 8 मिनिटं 20 सेकंद लागतात. शुक्र 10 कोटी 80 लाखांवर फिरतो. मेसेज खरा मानला तर पृथ्वी एरवी शुक्राच्याही आतून फिरते असं होईल! बरं, 9 वरून 15.2 ही वाढ 69 टक्के होते, 66 नाही. तेवढा भागाकारही कुणी करून पाहिला नाही.

अपसूर्य स्थिती, म्हणजे पृथ्वी सूर्यापासून सगळ्यात लांब असण्याची वेळ, असते, हे मान्य. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, जुलैच्या पहिल्या आठवड्यात अंतर 15 कोटी 21 लाख असतं आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात 14 कोटी 71 लाख. पृथ्वीला मिळणारी सूर्याची उष्णता तेव्हा जानेवारीपेक्षा सुमारे 7 टक्के कमी असते, हेही खरं. पण हे दरवर्षी होतं, आणि मेसेजमध्ये तारीखच नाही, नुसतं 'उद्या' आहे. म्हणून तो कितीही वर्षं फिरू शकतो.

थंडीचं उत्तर बालभारतीच्या सातवीच्या भूगोलात आहे, घरात मूल असेल तर पुस्तक उघडून बघा. ऋतू अंतरामुळे होत नाहीत, पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे म्हणून होतात. अंतरामुळे होत असते तर आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो तेव्हा, जानेवारीत, आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला शाल-स्वेटर घालून का गेलो असतो? आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तर भर दुपारी सूर्य सोलापूरच्या बरोबर डोक्यावर येतो, आभाळ मोकळं असेल तर उभ्या खांबाची सावली दिसेनाशी होते. जुलै-ऑगस्टात गार वाटतं ते ढगांमुळे आणि पावसामुळे.

आता ताप. मला राग आहे तो इथे. आत्याचं रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. प्लेटलेट उतरल्या होत्या, चार दिवस सलाईनवर होती. डेंग्यू विषाणूने होतो आणि एडिस डासाची मादी चावून पसरतो, ती बहुतेक दिवसाउजेडी चावते. पावसाळ्यात आजार वाढतात ही मेसेजमधली अर्धी खरी गोष्ट, पण त्याचं कारण आपल्या अंगणात आहे. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून घरोघरी पिंपं भरलेली. आत्याच्या मागच्या पिंपातलं पाणी मी स्टीलच्या वाटीत घेऊन तिला दाखवलं. आखूड दोऱ्यासारख्या अळ्या वळवळत होत्या, वाटीला बोट लागलं की सगळ्या तळाला. अंड्यापासून उडणारा डास व्हायला जेमतेम आठ-दहा दिवस लागतात. पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून घासलं, कोरडं केलं आणि फडकं घट्ट बांधलं तर तो तिथे होतच नाही.

आणि त्या गोळ्या! डेंग्यूत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांनी रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. 'सूर्यामुळे आहे, उतरेल' म्हणत तिने तीन दिवस तसल्याच गोळ्या घेतल्या होत्या.

ताकदीच्या औषधांबद्दल एवढंच: डेंग्यूचा विषाणू मारणारं औषधच अजून नाही, तर टॉनिक काय करणार? ताप, सोबत डोळ्यांच्या मागे दुखणं, सांधे धरणं असेल तर डॉक्टरकडे जा. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर रात्रीची वेळ असली तरी थेट दवाखाना गाठा.

ज्यांनी आत्याला तो मेसेज पाठवला त्यांना हे सगळं मी लिहून पाठवलंय. त्यांच्या अंगणातही दोन पिंपं आहेत.