उत्पन्नाचे वीस अवतार

ठाण्यात माणूस शेजाऱ्याला घराची किल्ली देईल, पण पगाराचा आकडा देणार नाही. माझी पीएचडी मात्र त्याच आकड्यावर उभी आहे. त्याच घरांना दरवर्षी तेच प्रश्न विचारायचे, याला पॅनेल डेटा म्हणतात. नौपाड्यातल्या एका आजोबांनी पहिल्या वर्षी उत्पन्न सांगितलं, "भागतं." दुसऱ्या वर्षी, "मागच्या वेळी सांगितलं की!" तिसऱ्या वर्षी आतून मालिकेचा आवाज येत होता, दार काही उघडलं नाही.

असे रिकामे रकाने भरायची शास्त्रशुद्ध सोय संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी करून ठेवली आहे. १९८७ साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. मल्टिपल इम्प्युटेशन. अंदाज एकदाच करायचा नाही, अनेकदा करायचा, आणि दर वेळी थोडा वेगळा. म्हणजे आजोबांचं उत्पन्न एका फाइलमध्ये अठरा हजार, दुसरीत एकतीस, तिसरीत साडेबावीस. अशा वीस फायली.

आईने स्क्रीनकडे पाहून विचारलं, "यातलं खरं कुठलं?"

"एकही नाही."

"आणि यावर तुला डॉक्टर करणार?"

कॉम्प्युटरला मोकळं सोडलं तर तो प्रत्येक ओळ वेगळं घर समजतो. मग आजोबा एका वर्षी कारकून, पुढच्या वर्षी घोडबंदरचे बिल्डर. म्हणून आधी सगळी वर्षं एका ओळीत आडवी मांडायची, रकाने भरायचे, आणि पुन्हा उभी करायची. या उभ्या-आडव्यात लॅपटॉपचा पंखा असा घोंघावतो की आई मिक्सर बंद आहे ना, हे बघून येते.

मग वीसही फायलींवर रिग्रेशन, म्हणजे कशाचा कशावर किती परिणाम होतो याचं गणित. कोएफिशियंटची, म्हणजे त्या परिणामाच्या आकड्याची, सरासरी काढायची, इथवर कोणाची तक्रार नसते. पण वीस फायलींचं आपसात जितकं पटत नाही, तितका स्टँडर्ड एरर, म्हणजे अनिश्चिततेचं माप, वाढवायचा, हा रुबिन यांचा नियम. प्रामाणिकपणा म्हणतात तो हाच. सगळीकडे सरासरी उत्पन्न कोंबलं होतं तेव्हा कोएफिशियंटला तीन स्टार होते, म्हणजे निकाल एकदम पक्का. आता एक उरलाय, तोही दहा टक्क्यांवाला, म्हणजे सगळ्यात कच्चा.

स्टाटा या सॉफ्टवेअरच्या 'एमआय एस्टिमेट' कमांडने आर-स्क्वेअर, म्हणजे मॉडेल डेटाशी किती जुळतं तो आकडा, छापायलाही नकार दिला. माझ्या गाइड मॅडमना तो हवाच असतो.

राहता राहिला, घराघरातला कायमचा फरक मॉडेलमध्ये कसा धरायचा, फिक्स्ड की रँडम, हा वाद. त्यासाठीची हाउसमन टेस्ट फायलीगणिक वेगवेगळी चालवली, तर सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली: काही फायली फिक्स्डच्या बाजूने, काही रँडमच्या, एक तर शून्याखाली जायलाच नको असा काय-स्क्वेअरचा आकडा निगेटिव्ह देऊन सभात्याग करून मोकळी. हे सगळे निकाल एकत्र कसे करायचे, यावर मी मॅडमसमोर रुबिन, व्हेरियन्स, गृहीतकं असं बराच वेळ बोललो. त्यांनी चहा संपवला.

"फिक्स्ड टाक," मॅडम म्हणाल्या. "बाहेरून येणारे परीक्षक फिक्स्डवाले आहेत."