तळ्यात कमळगट्टे फेकण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की एक मेसेज सोसायटीच्या, गावकीच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर हटकून फिरतो. त्याचं सार असं: कमळ चिखलातच उमलतं. पूजेच्या दुकानातून कमळगट्टे आणा, जवळच्या घाण तळ्यात मूठभर फेका. दोन महिन्यांत फुलं येतील, पाणी आपोआप शुद्ध होईल, डास पळतील. आणि कमळ आपलं देशी, त्यामुळे नुकसान काहीच नाही. घरी लावायचं असेल तर बादली घ्या, भरपूर शेणखत घाला. खाली जोडलेले हात आणि ‘दहा जणांना पाठवा’.

धडधडीत खोटं असतं तर एका ओळीत खोडता आलं असतं. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून एकेक घेतो.

गट्टे फेकले की रुजतात, हे आधी. कमळगट्टा म्हणजे कमळाचं फळ, आत बी. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांबीचा, काळा आणि दगडासारखा कडक. ही कवची पाणी आत शिरू देत नाही. त्यामुळे अख्खा गट्टा तळ्यात टाकला तर तो तळाशी जाऊन नुसता पडून राहतो, वर्षानुवर्षं. किती वर्षं? ईशान्य चीनमध्ये एका आटलेल्या तळ्याच्या थरांत सापडलेलं सुमारे 1300 वर्षांपूर्वीचं कमळाचं बी संशोधकांनी रुजवून दाखवलं, आणि 1995 मध्ये ते प्रसिद्ध केलं. हे उदाहरण मेसेजमध्येही असतं, ‘बघा किती चिवट’ म्हणून. पण त्याचा अर्थ उलटा निघतो. जे बी इतका काळ न रुजता राहू शकतं, ते तुम्ही जूनमध्ये फेकलं म्हणून ऑगस्टमध्ये फुलायला बांधील नाही.

रुजवायचं तर कवची घासावी लागते. गट्ट्याचं एक टोक जरा अणकुचीदार असतं, ते सोडायचं. दुसऱ्या बाजूला कानस किंवा जाड पॉलिश पेपर चालवायचा. काळा थर जातो, मग तपकिरी, आणि खाली पिवळट पांढरं दिसलं की हात थांबवायचा. पुढे घासलं तर आतल्या कोंबाला इजा होते. मग ग्लासभर कोमट पाण्यात टाकायचं, पाणी रोज बदलायचं. चोवीस तासांत बी फुगून टम्म होतं. उन्हाळ्यात आठवड्याच्या आत कवची फाटून हिरवा कोंब बाहेर येतो आणि गुंडाळलेलं पहिलं पान बारीक देठावर वर चढतं. मुळं त्यानंतर. माळेतले गट्टे मात्र घेऊ नका. ओवण्यासाठी त्यांना आरपार भोक पाडलेलं असतं, पाण्यात ते कुजतात आणि घाण वास येतो. सुटे घ्या. पाण्यात टाकल्यावर तरंगतील ते बहुधा पोकळ, बाजूला काढा.

आणि फुलं? देशी मोठं कमळ बियांपासून लावलं तर पहिल्या वर्षी बहुतेक वेळा पानंच मिळतात. शिवाय बियांची रोपं आईसारखी निघतील असं नाही. त्यामुळे ऑनलाइन विकली जाणारी ‘हजार पाकळ्यांच्या कमळाची बियाणं’ म्हणजे लॉटरी, आणि ‘निळ्या कमळाची बियाणं’ म्हणजे शुद्ध फसवणूक. कमळाच्या जगात दोनच जाती आहेत. आपली गुलाबी-पांढरी आणि अमेरिकेतली पिवळी. निळं जे दिसतं ती वॉटर लिली, म्हणजे आपलं नीलोत्पल. तीही देशीच आणि देखणी, पण तिचा कमळाच्या कुळाशी संबंध नाही. वनस्पतिशास्त्राच्या हिशोबात कमळ तिच्यापेक्षा चिनार वृक्षाच्या जवळचं आहे. नर्सरीत दोन्ही ‘कमळ’ म्हणूनच विकतात, तेव्हा पान बघून घ्या. लिलीच्या पानाला देठापर्यंत चीर असते आणि ते पाण्यावर पसरतं. कमळाचं पान अखंड गोल, देठ बरोबर मध्यावर. सुरुवातीची काही पानं तरंगतात, नंतरची पाण्याच्या वर उभी राहतात, आणि त्यांच्यावर पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा पळतो. (जाता जाता: मेसेजच्या काही आवृत्त्यांत मखाणे म्हणजे कमळाचं बी असंही येतं. मखाणा हे बिहारकडे होणारं, काटेरी पानांचं वेगळंच पाणझाड.)

आता मुख्य मुद्दा, चिखल. कमळाला चिखल लागतो, खरं आहे. पण मेसेज लिहिणाऱ्याने चिखल आणि गटार एकच धरलं आहे. कमळाला हवी ती चिकण माती, गाळाची माती. तिच्यात कंद आडवा पसरतो. त्या मातीत ऑक्सिजन जवळजवळ नसतो, तरी कंद जगतो, कारण त्याला श्वास पानांकडून मिळतो. कमळाचा देठ आडवा कापून बघा. आत लांबच लांब पोकळ नळ्या दिसतात, आणि तोडताना कोळ्याच्या जाळ्याइतके बारीक धागे ताणले जातात. त्या नळ्यांतून हवा पानापासून थेट कंदापर्यंत खेळते. म्हणूनच पिवळी पडलेली पानं काढताना देठ पाण्याखाली कापू नये असं लावणारे सांगतात. नळीतून पाणी आत उतरतं आणि कंद सडतो.

म्हणजे सगळी मदार पानांवर. नवं रोप तळाशी असताना पहिल्या पानांना पाण्यातून वर यायला उजेड लागतो, आणि वर आल्यावर मोकळी जागा. सांडपाण्याचं काळं, गढूळ पाणी उजेड अडवतं. वर जलपर्णीची चटई असेल तर विषयच संपला. आपल्याकडच्या सांडपाण्याच्या तळ्यांत कमळ न दिसता जलपर्णी दिसते, याचं कारण कोणी गट्टे फेकले नाहीत हे नाही. त्या पाण्यात जिंकणारी वनस्पती तीच आहे. तिला तळाची गरज नाही, ती तरंगत वाढते.

गाळसुद्धा जास्त झाला की कमळ मरतं. काश्मीरमधल्या वुलर सरोवरात कमळाच्या दांड्या आणि कंद, म्हणजे तिथल्या भाषेत नदरू, काढून कित्येक घरं जगत होती. 1992 च्या पुराने इतका गाळ आणून टाकला की कमळ नाहीसं झालं. तीस वर्षं उलटली. 2025 च्या उन्हाळ्यात तिथे पुन्हा गुलाबी फुलं दिसल्याच्या बातम्या आल्या, त्या सरोवरातला गाळ उपसल्यावर. क्रम लक्षात घ्या: आधी उपसा, मग कमळ. आपला मेसेज नेमका उलटा क्रम सांगतो.

‘पाणी आपोआप शुद्ध होतं’ हा दावा सगळ्यात लोकप्रिय, आणि माझ्या मते सगळ्यात घातक, कारण त्यामुळे गटार बंद करण्याची निकड निघून जाते. कमळ वाढताना पाण्यातून आणि गाळातून नत्र-स्फुरद घेतं, हे बरोबर. पण ते जातं कुठे? पानांत आणि कंदात. आपल्याकडे थंडीच्या सुमारास पानं करपतात, वाकतात आणि पाण्यात पडतात. तिथे कुजतात. घेतलेलं सगळं पाण्याला परत, वर कुजण्यात पाण्यातला ऑक्सिजन खर्च, म्हणजे माशांवर संक्रांत. फायदा हवा असेल तर पानं कुजण्याआधी कापून तळ्याबाहेर न्यायला हवीत, दरवर्षी. मेसेजमध्ये ‘आपोआप’ आहे, विळा आणि होडी नाही.

वनस्पतींनी सांडपाणी स्वच्छ करता येतं, आणि त्याची रीतसर पद्धत आहे. नागपूरच्या नीरी या संस्थेची फायटोरिड पद्धत त्यातलीच. त्यात खडी-दगडांचे बांधीव वाफे करतात, कर्दळ, पाणकणीस यांसारखी झाडं लावतात, आणि सांडपाणी तळ्यात जाण्याआधी त्यातून फिरवतात. तळ्यात जाण्याआधी, हे महत्त्वाचं. घाण तळ्यात पोचल्यावर फूल लावणं म्हणजे उपाय नव्हे. आणि अशा तळ्यात कमळ टिकलंच, तर त्याची कमळकाकडी, म्हणजे कंद, खाऊ नका. जड धातू पाणवनस्पतींच्या अंगात साठतात. उल्हासनगरच्या सिंधी बाजारात मिळणाऱ्या कमळकाकडीच्या भाजीचा मी भक्त आहे, पण ती कुठल्या पाण्यातली हे विचारतो.

घरच्या बादलीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. देशी कमळाला बादली अरुंद पडते. दीड-दोन फूट रुंद, तळाला भोक नसलेलं टब किंवा घंगाळ हवं, आणि रोज सहा तास तरी थेट ऊन. उत्तरेच्या बाल्कनीत पानंच येतील. माती शेतातली, चिकण; कोकोपीट घातलं तर सगळं वर तरंगतं. ‘भरपूर शेणखत’ हा सल्ला तर कंद मारायचा खात्रीचा मार्ग आहे. कच्चं शेण पाण्याखाली आंबतं, वायू सुटतात, कोंब जळतो. मुरलेलं खत असेल तर मूठभर, तेही मातीच्या तळाशी. बाकीचं खत पाण्यावर उभी पानं आल्यानंतर. बियांपेक्षा कंद बरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्यांची टबं भरून गेलेली असतात ते कंद वेगळे करतात, तेव्हा मागून घ्या. टोकाचा कोंब मोडला की त्या तुकड्याची आशा बहुधा सोडावी लागते, म्हणून टोक जपा आणि मातीत तिरकं ठेवून वर बोटभर पाणी राखा.

डास पळतात हे तर साफ खोटं. उलट डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेलं पाणीच पसंत करतो, आणि कमळाचं टब म्हणजे त्याला गच्चीवर मिळालेली आयती जागा. टबात गप्पी मासे सोडा, आरोग्य केंद्रातून मिळतात. पण तेच गप्पी गावच्या तळ्यात किंवा ओढ्यात नकोत. ते परदेशी आहेत आणि आपल्या लहान देशी माशांच्या जागा बळकावतात.

राहिलं ‘देशी आहे, नुकसान काय?’ देशी म्हणजे देशातल्या प्रत्येक डबक्याचं, असं नसतं. साताऱ्याच्या कास पठारावर कुमुदिनीचं तळं आहे, त्यात पांढरी, झालरीची नाजूक फुलं येतात. तिथल्या सड्यांवरच्या, म्हणजे खडकाळ माळांवरच्या पाण्यात वायतुरा नावाची पाणवनस्पती येते, जी साताऱ्याच्या आसपासच्या पठारांपलीकडे फारशी दिसत नाही. अशा ठिकाणी कमळ नेऊन सोडणं हे देशी झाडानेच देशी झाड मारणं होईल. कंद एका हंगामात कित्येक मीटर पसरतो आणि पेरासकट तुटलेला तुकडाही नव्याने फुटतो. लहान तळं पानांनी पूर्ण झाकलं की पाण्याखालच्या वनस्पतींना उजेड नाही, आणि बुडी मारणाऱ्या पक्ष्यांना मोकळं पाणी नाही. मग काढायला जेसीबी येतो, आणि कमळाबरोबर तळाचं बाकी सगळंही जातं. जिथे पूर्वी कमळ होतं असं म्हातारी माणसं सांगतात, तिथे ते परत आणायला माझी हरकत नाही. एका कोपऱ्यात, मोकळं पाणी राखून.

पण त्याआधी एक चौकशी करा. आपल्याकडे बरीच तळी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असतात. कमळाच्या देठांना बारीक काटे असतात, जाळं त्यांत अडकून फाटतं, आणि पानांच्या दाटीत होडी घालता येत नाही. ठेक्याची रक्कम ती माणसं आगाऊ भरून बसलेली असतात. गट्ट्यांची पिशवी घेऊन तळ्यावर जायच्या आधी संस्थेच्या अध्यक्षांना फोन करा, आणि ते नको म्हणाले तर नकोच.