दापोलीचं घर आणि मानेची सोनोग्राफी

आमच्या पुण्याच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या मामांच्या निवृत्तीनंतरच्या घरावरून वाद चालू आहे. मामांना दापोली हवी. मामी कोथरूड सोडायला तयार नाहीत, कारण किनाऱ्यावरच्या माणसांना थायरॉइडचा, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीचा, कॅन्सर जास्त होतो असं त्यांच्या वाचनात आलंय. दाखला केरळचा. त्यातच मावसभावाने सगळ्यांसाठी चेकअपचं पॅकेज शोधून काढलंय, मानेच्या सोनोग्राफीसकट. मी राहते बुसानला, दक्षिण कोरियाच्या ऐन किनाऱ्यावर, आणि मला काळजी वाटते ती त्या पॅकेजची.

कोरियात १९९९ मध्ये सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली. त्या यादीत थायरॉइड नव्हता. पण दवाखान्यांनी थोड्या जादा पैशांत मानेची सोनोग्राफी करून द्यायला सुरुवात केली आणि लोकांनीही आलोच आहोत तर म्हणून ती करून घेतली. २०११ पर्यंत निदानाचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. त्या एका वर्षात ४० हजारांहून जास्त रुग्ण सापडले, मृत्यू मात्र चारशेच्या आसपास आणि वर्षानुवर्षं जवळपास तेवढेच. किनारा तोच, जेवण तेच. वाढली होती ती तपासणी. ज्या भागात ती जास्त, तिथे रुग्णही जास्त.

हे कसं, ते फिनलंडच्या १९८५ च्या अभ्यासातून कळतं. तिथे शवविच्छेदनात सुमारे एक तृतीयांश लोकांच्या थायरॉइडमध्ये कॅन्सरचे बारीक ठिपके सापडले. त्या माणसांना जिवंतपणी त्याचा पत्ताही नव्हता. कोरियात अशा ठिपक्यांसाठी हजारो लोकांचे गळे चिरले गेले. दोन तृतीयांश लोकांची अख्खी ग्रंथी काढली, म्हणजे जन्मभराची गोळी. शंभरातल्या अकरा जणांच्या मागे कॅल्शियम कमी पडण्याचा त्रास लागला, दोघांच्या स्वरयंत्राची नस गेली. २०१४ मध्ये इथल्याच काही डॉक्टरांनी हे थांबवा असं जाहीरपणे सांगितलं आणि वर्षभरात शस्त्रक्रिया एक तृतीयांशाने घटल्या.

मग समुद्राचा काहीच संबंध नाही? आहे, पण तो आयोडिनमार्फत. बाळंतिणीला आपण अळिवाची खीर देतो, तसं इथे मियोक नावाच्या समुद्री शेवाळाचं सूप देतात, आणि त्यात आयोडिन भरपूर असतं. समुद्रापासून दूर, डोंगराळ भागात ते कमी पडतं. हिमालयाच्या पायथ्याशी गलगंड घरोघरी होता, म्हणून तर १९६२ मध्ये आयोडिनयुक्त मिठाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. आयोडिन कमी असलेल्या प्रदेशांत थायरॉइडच्या कॅन्सरच्या प्रकारांपैकी फॉलिक्युलर नावाच्या प्रकाराचा वाटा जास्त असतो. पुरेसं असलं की पॅपिलरी नावाच्या प्रकाराचा, जो बहुधा सौम्य वागतो. १९८६ मध्ये चेर्नोबिलला किरणोत्सारी आयोडिन दुधावाटे मुलांच्या पोटात गेलं, तेव्हा ज्या मुलांच्या आहारात आयोडिन कमी होतं त्यांना धोका अधिक झाला. तो सगळा मुलूख समुद्रापासून लांबचा.

केरळचा आकडा मोठा आहे, हे मामींचं बरोबर. पण तिथल्याच किनाऱ्यावर, करुनागपल्लीच्या नैसर्गिकरीत्या किरणोत्सारी वाळूवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांची वर्षानुवर्षं पाहणी झाली, त्यात त्या वाळूमुळे कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही. तिरुवनंतपुरमच्या वाढत्या आकड्यांमागे अतिनिदान, म्हणजे कधी त्रासच दिला नसता असे कॅन्सर शोधून काढणं, असल्याचं तिथल्या नोंदी तपासणाऱ्या संशोधकांनीच म्हटलंय.

पुण्यात हल्ली सोसायटीच्या आवारात, मंडळाच्या मांडवात आरोग्य शिबिरं होतात. भरवणाऱ्यांची तळमळ खरी असते, म्हणूनच त्यांना कळकळीने सांगते: मानेची सोनोग्राफी त्या यादीत घालू नका. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनेही लक्षणं नसलेल्या प्रौढांच्या थायरॉइडची अशी चाळणी करू नये, असं २०१७ मध्ये सांगितलंय. आणि आरोग्याच्या नावाखाली घरातलं सगळं मीठ सैंधव करू नका. कोथरूडला आयोडिन मुख्यतः आयोडिनयुक्त मिठाच्या साध्या पुडीतूनच येतं.

मात्र मानेला गाठ हाताला लागली, आवाज आठवड्यांमागून आठवडे बसलेला राहिला, गिळताना अडायला लागलं, घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा, वारशाने येऊ शकणारा कॅन्सर झालेला असेल किंवा लहानपणी मानेवर रेडिएशन घेतलेलं असेल, तर लगेच डॉक्टर गाठा. मग घर दापोलीत असो की कोथरूडला.