बुडलं तर काय गेलं? हिशेब मांडून पाहा

‘शनिवारी कंपनी काढा, रविवारी अ‍ॅप टाका, पहिली हजार गिऱ्हाइकं फुकट घ्या. बुडलं तर काय गेलं? अनुभव तर मिळाला!’ पदरच्या पैशांवर स्टार्टअप करू पाहणाऱ्यांत हा सल्ला सुविचारासारखा फिरतो. घाईला आमची हरकत नाही. पण ती भलत्याच जागी करायला सांगितली आहे.

‘शनिवारी कंपनी काढा.’ प्रायव्हेट लिमिटेड काढणं सोपं, मोडणं किचकट. रुपयाची विक्री नसली तरी ऑडिट चुकत नाही. एओसी-४ (हिशेबाचा) आणि एमजीटी-७ए (वार्षिक विवरणाचा) हे दरवर्षीचे सरकारी फॉर्म मुदतीत गेले नाहीत तर प्रत्येकी दिवसाला १०० रुपये विलंब शुल्क. वर्षभर विसरलात की दोन्हींचे मिळून ७३,०००. सलग ३ वर्षं भरले नाहीत तर संचालक ५ वर्षांसाठी अपात्र. कंपनीचं नाव काढून टाकायच्या एसटीके-२ अर्जाचे १०,००० वेगळे, आणि त्याआधी थकलेले फॉर्म भरावे लागतातच. एकट्याने सेवा विकायची असेल तर सुरुवातीला प्रोप्रायटरशिप, म्हणजे वेगळी कंपनी न काढता एकट्याच्या मालकीचा धंदा, पुरते. लहान धंद्यांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट होते, महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीही साधारणपणे २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. मात्र धंद्याची देणी तुमच्या घरादारापर्यंत येतात. त्यामुळे कर्ज किंवा भागीदार आला की कंपनीचा विचार करा.

‘रविवारी अ‍ॅप टाका.’ टाकताच येणार नाही! गूगल प्लेवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टिंग, म्हणजे निवडक लोकांपुरती चाचणी, करून घ्यावं लागतं. रविवारी होण्यासारखं काम म्हणजे माहितीचं एक पान, किंमत, यूपीआयचा क्यूआर आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. मागचं सगळं हाताने, एक्सेलमध्ये. सोशल मीडियाच्या पोस्ट ठरल्या वेळी टाकून देणाऱ्या ‘बफर’ या सेवेची सुरुवात २०१० मध्ये अशाच पानांनी झाली. उत्पादन तयार नसताना माहितीचं पान आणि ईमेल मागणारं पान यांच्यामध्ये किमतीचं पान घातलं आणि लोक त्यावर क्लिक करतात का ते पाहिलं.

‘हजार गिऱ्हाइकं फुकट.’ फुकटवाला फीचर मागतो, पैसे मोजलेला तक्रार करतो. उपयोगी पडते ती तक्रार. शिवाय ३०० रुपयांच्या सेवेसाठी दर गिऱ्हाइकामागे तुमचा दीड तास जातोय, हे दहाव्या गिऱ्हाइकालाच कळतं.

‘अनुभव तर मिळाला.’ हार्वर्डच्या संशोधकांनी व्हेंचर भांडवल (नव्या कंपनीत हिस्सा घेऊन गुंतवलेला पैसा) घेतलेल्या अमेरिकी कंपन्या तपासल्या. पहिल्यांदाच उतरलेल्यांच्या यशाचं प्रमाण १८ टक्के, आधी अपयशी ठरलेल्यांचं २०, आधी यशस्वी झालेल्यांचं ३०. तुमचा धंदा त्या जातीचा नाही, तरी बुडण्याने आपोआप शहाणपण येत नाही एवढं यातून दिसतं. किंमत, गिऱ्हाईक आणि माल तिन्ही एकदम बदललं तर नडलं काय ते कळत नाही. म्हणून आधीच लिहून ठेवा, उदाहरणार्थ: ३० दुकानदारांना भेटणार, महिनाअखेर ५ जणांनी ९९९ रुपये आगाऊ दिले नाहीत तर थांबणार, खिशातून ४०,००० च्या वर घालणार नाही. प्रत्येक नकाराचं कारण त्याच्याच शब्दांत टिपा. ‘महाग आहे’ आणि ‘वहीत भागतंय’ हे दोन वेगळे नकार आहेत. पहिल्यात किंमत बदलून पाहता येते, दुसऱ्यात गरजच नाही. आगाऊ आलेले पैसे सेवा देईपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवा. थांबायची वेळ आली तर ते परत करावे लागतील.