प्रतिक्रियेला उत्तर : तासाला रीस्टार्ट लावून ५०४ जाणार नाही

नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याची साइट सौद्याच्या वेळी ५०४ (आतून वेळेत उत्तर आलं नाही, असा एरर) दाखवायची, त्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही लिहिलंत : "एवढ्याशा साइटला मॉनिटरिंगचा पसारा कशाला? एनजिनएक्सचा टाइमआउट ६० सेकंदांचा ३०० करा, क्रॉनमधून तासाला सगळं रीस्टार्ट करा, विषय संपला."

(एनजिनएक्स म्हणजे ब्राउझरची रिक्वेस्ट घेणारा वेब सर्व्हर, क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय.) पसाऱ्याबद्दल तुमचं बरोबर आहे. एक जीबी रॅमच्या सर्व्हरवर प्रोमिथियस आणि ग्राफाना ही मॉनिटरिंगची मोठी साधनं बसवा, असं मी कुणालाच सांगणार नाही. बाकीचे दोन्ही उपाय मात्र मला अजिबात मान्य नाहीत.

तिथे काय चाललं होतं ते बघा. कुणी राजापुरी हळदीच्या दराची चौकशी नोंदवली की साइटचं पीएचपी त्याच रिक्वेस्टमध्ये कर्लने (दुसऱ्या सर्व्हरशी बोलणाऱ्या साधनाने) बाहेरच्या एसएमएस सेवेला गाठायचं. कर्लला मुदत घालून दिली नसेल, तर तो उत्तराची वाट बघत बसतो. डेबियन-उबुंटू या लिनक्सवर पीएचपी-एफपीएमला (पीएचपीचा कोड चालवणाऱ्या प्रोग्रामला) सुरुवातीला जास्तीत जास्त पाचच प्रोसेस दिलेल्या असतात. पाचही अडकल्या की सहावी रिक्वेस्ट रांगेत. पान येईना म्हणून माणूस रिफ्रेश करतो. एनजिनएक्स त्याची आधीची रिक्वेस्ट ४९९ (समोरचा मध्येच निघून गेला) म्हणून नोंदवून मोकळा होतो, पण एफपीएममध्ये तिचं काम चालूच राहतं. म्हणजे एकटा माणूस दोन-तीन प्रोसेस अडवून बसतो. आणि या सगळ्यात सीपीयू निवांत, रॅम शिल्लक, पिंगला उत्तर, लोगोचं चित्रही झटकन येतं!

अशा वेळी टाइमआउट ३०० केला, तर तोच ५०४ एका मिनिटाऐवजी पाच मिनिटांनी दिसेल. पीएचपीची मॅक्स एक्झिक्युशन टाइमची (कोड किती वेळ चालू द्यायचा त्याची) मर्यादाही इथे कामाला येत नाही, कारण लिनक्सवर बाहेरच्या सेवेची वाट बघण्यातला वेळ ती मोजतच नाही. रीस्टार्टने प्रोसेस सुटतात हे खरं, पण त्या नेमक्या कुठे अडकल्या होत्या हे बघायची संधीही जाते. शिवाय नऊ वाजून पाच मिनिटांनी अडकलेली साइट दहापर्यंत तशीच. सौदे तेवढा वेळ थांबतात का?

कर्लला पाच सेकंदांची मुदत घातली आणि एसएमएस पाठवणं रिक्वेस्टच्या बाहेर काढलं, एवढ्यावर ते सुटलं.

आता मॉनिटरिंग. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. पाणी ४० कडे चढायला लागलं की नदीकाठची घरं सामान वर हलवतात, ४५ ची वाट बघत नाहीत. एफपीएमच्या स्टेटस पानावर 'लिसन क्यू' हा रांगेत थांबलेल्या रिक्वेस्टचा आकडा असतो. तो काही सेकंद सलग शून्याच्या वर राहिला, तर ती इशारा पातळी समजा. ५०४ तोवर बहुतेकांना दिसलेला नसतो. दुसरी तपासणी बाहेरून, दुसऱ्या मशीनवरून करायची : दराचं पान उघडतंय का आणि त्यावर आजची तारीख आहे का. नुसता २०० (सगळं ठीक) हा कोड बघून समाधान मानू नका, डेटाबेस बंद असतानाही कॅशमधलं जुनं पान २०० देतं. दोन्हींना मिळून छोटी शेल स्क्रिप्ट पुरते.

तुमच्याकडे तासाची क्रॉन आधीच लावलेली असेल, तर ती काढण्याआधी एफपीएमचा स्लो लॉग पाच सेकंदांवर चालू करा. रिक्वेस्ट कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीवर थांबली ते त्यात येतं. पासवर्ड वगैरे झाकून त्या ओळी इथे टाका, मी नक्की बघतो.