भूक हा काही चारित्र्यदोष नाही

‘जिभेवर ताबा ठेवा, हृदय आपोआप सांभाळलं जाईल’ हा सल्ला ऐकला की माझं डोकं सटकतं. जणू कोलेस्टेरॉल वाढलेला प्रत्येक माणूस हावरटच. किती खाल्लं यावर पहारा ठेवण्याआधी, खाल्लेल्याने पोट भरलं का, हे विचारा की!

अमेरिकेत संशोधक केविन हॉल यांनी केलेला एक प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. 20 जणांना चार आठवडे संशोधन केंद्रातच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं, भरपूर प्रक्रिया केलेलं खाणं आणि दोन आठवडे साध्या जिनसांचं जेवण. पुढ्यात येणाऱ्या ताटात कॅलरी, साखर, फॅट, मीठ, फायबर जवळपास सारखं. हवं तेवढं खा, बाकीचं टाका. (कारखानी खाण्यात फायबर इतकं कमी, की ते पेयांत विरघळवून हिशोब जुळवावा लागला!) तरी कारखानी खाण्याच्या दोन आठवड्यांत माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती, आणि वजन सरासरी 0.9 किलोने वाढलं. साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. प्रयोग छोटा होता, मान्य. पण माणसं तीच होती, मग इच्छाशक्तीला दोष कसा द्यायचा?

1995 मध्ये सिडनीत 38 पदार्थ तपासले होते. प्रत्येकाचा वाटा 240 कॅलरींचा, आणि खाल्ल्यावर दोन तास पोट किती भरलेलं वाटतं याची नोंद. पांढऱ्या ब्रेडला 100 धरलं, तर उकडलेला बटाटा 323 वर आणि क्रोसाँ, म्हणजे लोणीदार पापुद्र्यांचा फ्रेंच पाव, 47 वर. बिचारा बटाटा, उगाच बदनाम! तळला की गणित बदलतं, ती गोष्ट वेगळी.

आता हृदयाकडे येतो. ओट्स शिजवताना चमच्याला जो बुळबुळीत चिकटा येतो ना, ते बीटा-ग्लुकन, म्हणजे पाण्यात विरघळणारं फायबर. पोटात त्याचा जेलीसारखा लगदा होतो, अन्न सावकाश पुढे सरकतं आणि भूक लांबते. पुढे आतड्यात हेच फायबर पित्ताम्लांना (पित्तातल्या, चरबी पचवायला मदत करणाऱ्या आम्लांना) अडकवून शौचावाटे बाहेर नेतं. मग यकृताला नवं पित्त बनवावं लागतं. त्याचा कच्चा माल कोलेस्टेरॉल, म्हणून यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ओढून घेतं. दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन, म्हणजे साधारण 75 ग्रॅम कोरडे ओट्स, एवढ्याने एलडीएल थोडं पण मोजता येईल इतकं उतरतं. बार्लीतही ते असतं. कडधान्यांत आणि सफरचंदात विरघळणारं फायबर दुसऱ्या जातीचं, पण काम त्याच धर्तीचं.

म्हणूनच ‘लो-फॅट’ची पाटी लावलेल्या पाकिटांवर माझा राग. फॅट काढून त्या जागी मैदा आणि साखर घातली, तर ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) वाढू शकतात आणि तासाभरात हात पुन्हा डब्यात. त्यापेक्षा संपृक्त फॅटच्या (लोणी, तूप वगैरे) जागी तेलबिया, अक्रोड, मासे आणा. गोड पेयांबद्दल तर बोलायलाच नको, कॅलरी पोटात जातात आणि पोटाला पत्ताच नसतो.

फायबर एकदम वाढवू नका, पोट फुगेल. हळूहळू वाढवा आणि पाणी प्या. आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ओट्सच्या भरवशावर ती परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.