उंटगाड्याबरोबर नळ्याची यात्रा

जैसलमेरहून येऊन चार दिवस झाले तरी कानातून रोज चिमूटभर वाळू निघतेय. ती संपेल हो कधीतरी, पण समच्या टेकड्यांवर त्या उंटवाल्या म्हाताऱ्याने केलेला अपमान कुठल्या बड्सने काढायचा ते सांगा.

प्लॅन बायकोचा. सगळ्यांनी मिळून डेझर्ट कॅम्पिंग, सगळे म्हणजे आम्ही चौघं, मेव्हणी, साडू, त्यांचा चिरंजीव आणि सासूबाई. जोधपूरपर्यंत ट्रेन, पुढे गाडी, जैसलमेर, तिथून चाळीसेक किलोमीटरवर सम. तंबूत डबलबेड, गीझर आणि इंग्लिश कमोड होता, त्यामुळे याला कॅम्पिंग का म्हणायचं हा प्रश्न मी विचारला आणि त्यावर कोणीही उत्तर दिलं नाही. असो.

संध्याकाळी उंटावरून सूर्यास्त बघायला निघालो. उंट एकेक करून बसवले होते, पोरं चढली, बायको आणि मेव्हणी एकावर चढल्या, साडू एकटा चढला. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो त्यामुळे वरचा माणूस थेट नाकावर जायला बघतो, साडूही गेला, पण पडला नाही. (दुर्दैवाने.) मग माझा नंबर. मी पाय टाकणार तेवढ्यात लाल साफा घातलेला एक म्हातारा पुढे आला आणि माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. मार्केट यार्डात हमाल पोतं उचलायच्या आधी बघतो ना, तसं बघितलं.

"साहब, आप रुको."

"क्यों?"

"ऊंट बैठा है, ठीक है. आप बैठोगे, वो भी ठीक है. फिर उठेगा कौण?"

आजूबाजूची दहा-बारा माणसं हसली. मी शांतपणे सांगितलं, उंट दीडशे किलो ओझं आरामात वाहून नेतो, मला माहिती आहे. तो म्हणाला, ओझं हलत नाही साहब, ओझं फोटो पण काढत नाही. आता यावर काय बोलणार? तरी मी म्हटलं, आज सकाळीच किल्ला चढून आलोय, ११५६ सालचा किल्ला, एकदाही बसलो नाही (एकदा बसलो होतो, पण ते लस्सीसाठी). तो म्हणाला, किल्ला पत्थर का है.

इथे विषय संपला असता. पण सासूबाईंना वाटलं आपण मदत करावी. त्यांचं हिंदी म्हणजे मराठीलाच "है" लावायचं.

"अहो भैया, उतना कुछ नहीं है. हमारे जावई का वजन फक्त ब्याण्णव है."

"कितना?"

"ब्याण्णव."

"बयासी?"

मी मनात म्हटलं, बयासी तर बयासी, देवाने दिलंय, घ्या. पण सासूबाई चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून रिटायर झाल्यात, चुकीचा आकडा त्यांना सहन होत नाही.

"नहीं नहीं. नव्वद के उपर दो. सौ में आठ कम!"

हे त्यांनी शेवटच्या बाकावरच्या मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. म्हातारा विचारात पडला, माझ्या पोटाकडे बघितलं, मग बुटांकडे.

"आठ किलो तो माजी, कपड़ा-जूता में आ गया. सौ ही समझो." आणि वळून टेकडीपलीकडे ओरडला, "ओए, गाडा ला! सौ किलो और एक माजी!"

उंटगाडा म्हणजे रबरी टायर लावलेली लाकडी फळी, वर गादी, आणि तो असतो गुडघेदुखीवाल्या आज्या आणि सामानासाठी. बायको वरून म्हणाली, "अरे बस ना गाड्यात, आईला सोबत होईल." पोरांनी आपापले बूट, जॅकेटं, पाण्याच्या बाटल्या माझ्याकडे फेकल्या. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, जरा सरका, मला पाय पसरायचेत." आणि सगळ्यात कहर, गाडा ओढणारा उंट आमच्या साडूच्या उंटापेक्षा बारीक होता! मी हे म्हाताऱ्याला दाखवलं तर म्हणे, ये खींचता है, वो उठाता है, दोनों का डिपार्टमेंट अलग है.

साडू मॅरेथॉन पळतो, हे तुम्ही त्याला भेटल्यावर दोन मिनिटांत तुम्हालाही कळेल. उंटावरचा शहाणा असतो हे ऐकून होतो, आता सख्ख्या नात्यात मिळाला. वरून आम्हाला शिकवतोय, टेकडीची वाऱ्याकडची बाजू लांबट उताराची असते, पलीकडची एकदम तीव्र, रात्री वाळू पटकन गार होते कारण हवा कोरडी आणि आभाळ मोकळं. आणि मध्येमध्ये मला, "मागे रेलून बसा, बॅलन्स राहील!" गाड्यात कसला बॅलन्स?

त्याला गप्प करायला मी माळढोक पक्ष्याचा विषय काढला. जगातले उरलेसुरले बहुतेक माळढोक याच जैसलमेर भागात आहेत, दीडशेच्या आसपास, एकेकाळी आपल्या सोलापूरच्या नान्नजला लोक खास बघायला जायचे. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यात वजनदार पक्ष्यांपैकी एक, आणि तरी उडतो, त्याला कोणी गाड्यात बसवत नाही. बिचाऱ्याला समोरचं नीट दिसत नाही म्हणून विजेच्या तारांना धडकून मरतो ते वेगळं. पण ऐकायला कोणी थांबलंच नाही, कारण शेजारच्या टेकडीवर जीप आली, तिच्यावर स्पीकर, त्यावर लग्नातली गाणी.

खरं सांगायचं तर चिडचिड तिथे झाली. वाळवंटात माणूस कशाला जातो? शांततेला ना? एवढ्या लांब येऊन वाळूत वेफर्सची पाकिटं, बिअरच्या काचा, प्रत्येक टेकडीवर चार जीप नुसत्या वरखाली गुरगुरतायत, रात्री अकरापर्यंत डीजे. त्याआधी कॅम्पवर एक मांगणियार, म्हणजे तिथला पिढीजात लोकगायक, म्हातारबा कमायचा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) घेऊन काय सुंदर गायला, अंगावर काटा आला, तर दुसऱ्याच गाण्याला मागून कोणीतरी ओरडलं, "भैया, कुछ नाचने वाला लगाओ." त्याने कमायचा खाली ठेवला आणि गुंडाळायला लागला. त्या ओरडणाऱ्याला गाड्यात घाला ना, माझ्याऐवजी. गाड्याचे पैसे मात्र तीन सीटचे घेतले. दोन माझ्या.

काल फॅमिली ग्रुपवर फोटो आले. मावळता सूर्य, टेकडीवर ओळीने उंट, सगळ्यांच्या काळ्या सावल्या, अगदी कॅलेंडरवर छापावा असा. डाव्या कोपऱ्यात खाली एक हात दिसतो, त्या हातात लहान मुलांच्या बुटांच्या तीन जोड्या. तो मी. नाशिकच्या मामेसासऱ्यांनी विचारलं, जावई नव्हते का आले?

मी टाईप करतच होतो, तेवढ्यात सासूबाईंचा व्हॉइस मेसेज पडला. "आले होते की. माझ्याबरोबर गाड्यात होते. शंभर किलो ना."

अहो, ब्याण्णव!